बॉनेटखालचं आपलं काम

(वाहनचालक स्त्रियांच्या एका प्रशिक्षण-शिबिरात प्रशिक्षक मैत्रिणीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



सकाळच्या सत्रात आपण परवाना, विमा, परमिट आणि रात्रीच्या पाळीतली सुरक्षितता यांवर बोललो. ते सगळे मोठे प्रश्न आहेत. आता तासभर मी एका लहानशा वस्तूबद्दल बोलणार आहे. ती समोर टेबलावर ठेवली आहे. दोन्ही बाजूंना तारेची जाळी, मधे घड्या घातलेलं सुती कापड आणि कडेला रबर. हा मोटारीचा एअर फिल्टर. धुऊन पुन्हा वापरता येतो असा. तो घरी कसा साफ करायचा, कधी करायचा आणि कधी त्याला हातही लावायचा नाही, हे आज शिकायचं आहे.

स्त्रियांच्या शिबिरात फिल्टर धुण्याला एवढा वेळ कशाला, असं कुणाला वाटेल. म्हणून आधी त्याचं उत्तर देते.

इथे बसलेल्या बऱ्याचजणी गाडी उत्तम चालवतात. घाट उतरतात, गर्दीत रिव्हर्स घेतात, दिवसाला दीडशे किलोमीटर करतात. पण बॉनेट उघडायची वेळ आली की गाडी आपल्या हातातून जाते. ती नवऱ्याकडे, भावाकडे किंवा गॅरेजवाल्याकडे जाते. गाडी आपल्या नावावर, कर्जाचे हप्ते आपल्या कमाईतून, तरी मेकॅनिक बोलतो तो आपल्याबरोबर आलेल्या पुरुषाशी. आपल्याला म्हणतो, "ताई, तुम्ही तिकडे खुर्चीवर बसा." आपण बसतो. तासाभराने बिल येतं. त्यातली अक्षरं आपल्याला वाचता येतात, पण जे काम लिहिलंय ते खरंच करायला हवं होतं का, हे सांगता येत नाही. ज्या वस्तूवर आपलं पोट आहे, तिच्याबद्दलचा निर्णय दुसऱ्याने घ्यायचा आणि पैसे आपण भरायचे. हे आपल्याला काही नवीन नाही. शेतीत, घरात, दवाखान्यातही आपण हेच बघत आलो आहोत.

गंमत अशी की या प्रकारचं काम आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो आहोत. शिलाई मशीनला तेल कोण घालतं? रॉकेलच्या स्टोव्हचं नोझल चोंदलं की पिन मारून कोण मोकळं करत असे? पिठाची चाळण झटकायची, पाण्याच्या फिल्टरची कांडी घासायची, मिक्सरच्या भांड्याचा वॉशर बदलायचा. या सगळ्याला कुणी तंत्रज्ञान म्हणत नाही. ते 'घरकाम' असतं. तेच काम बॉनेटखाली गेलं की 'टेक्निकल' होतं, पुरुषाचं होतं आणि त्याला मजुरी लागते. कामात फरक नाही, ते कुणाचं मानायचं यात फरक आहे.

मोटारीच्या इतिहासाची सुरुवातच बघा. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. शंभरावर किलोमीटरचा प्रवास, नवऱ्याने बनवलेल्या तीन चाकी मोटारीतून. मोटारीने केलेला तो पहिला लांबचा प्रवास समजला जातो. वाटेत इंधनाची नळी चोंदली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. विजेची तार उघडी पडली, तिला मोज्याच्या पट्ट्याने वेष्टण केलं. ब्रेकच्या लाकडी ठोकळ्यांना चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. म्हणजे मोटार पहिल्यांदा लांब गेली तेव्हा चालक बाई होती आणि मेकॅनिकही तीच होती. आपल्याकडे परभणीहून पुण्यात आलेल्या शीला डावरे यांनी १९८८ साली रिक्षा हातात घेतली. साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वेचं इंजिन चालवू लागल्या. चाक हातात घेण्याची लढाई त्यांच्यासारख्यांनी पुढे नेली. आपण आता बॉनेटखाली हात घालू या.

इंजिनाचा श्वास

इंजिन नुसत्या पेट्रोलवर चालत नाही. त्याला हवा लागते आणि पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त लागते. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा हवी. लिटरच्या हिशेबात सांगायचं तर एक लिटर पेट्रोलला सुमारे ९,००० लिटर हवा. तुमची गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल आणि दिवसाला १५० किलोमीटर होत असतील, तर इंजिन एका दिवसात ९०,००० लिटर हवा ओढतं. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या तीन खोल्या भरतील इतकी हवा!

त्या हवेत रस्त्याची धूळ असते आणि धुळीत वाळूचे बारीक कण असतात. ते आत गेले तर सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा पॉलिश पेपरने घासल्यासारख्या झिजतात. मग गाडी ऑइल खायला लागते, निळसर धूर मारते आणि एक दिवस इंजिन खोलायची वेळ येते. तो खर्च कुठल्या कुठे जातो, हे इथल्या दोघी-तिघींना चांगलं माहीत आहे. हे टाळण्यासाठी वाटेत फिल्टर असतो.

फिल्टर ओळखायला शिका. बहुतेक गाड्यांत कंपनी घड्यांचा कागदी फिल्टर देते. तो कोरडा आणि ताठ असतो. कागदी फिल्टर कधीही धुवायचा नाही. पाणी लागलं की कागदाची वीण बिघडते. खराब झाला की बदलायचा. दुसरा स्पंजसारख्या फोमचा, तो काही दुचाक्यांमध्ये दिसतो. जुन्या जीप आणि ट्रॅक्टरमध्ये तेलाच्या वाटीवरून हवा फिरवणारा फिल्टर असे. आणि चौथा हा, सुती जाळीचा. यात पातळ सुती कापडाचे थर घड्या घालून तारेच्या दोन जाळ्यांमध्ये बसवलेले असतात आणि त्यावर खास तेल असतं.

तेल कशाला? स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्याची पाती आठवा. फोडणीचा तेलकट थर बसला की त्यावर धूळ कशी चिकटून बसते, ती घासताना आपले हात दुखतात. इथे तेच आपल्या उपयोगाला येतं. सुती जाळीची छिद्रं कागदापेक्षा मोठी असतात. हवा सहज जाते, पण धुळीचा कण तेलकट धाग्याला आपटून तिथेच अडकतो. म्हणजे तेल नसलेला सुती फिल्टर अर्धा निकामीच. ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत तर पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप कळतील.

साफ कसा करायचा

पहिलं काम, दिवस निवडा. धुतल्यापासून पुन्हा बसवेपर्यंत बराच वेळ जातो आणि फिल्टरशिवाय गाडी सुरू करायची नाही, अगदी कोपऱ्यावर न्यायलासुद्धा नाही. रोजच्या कमाईची गाडी असेल तर त्याच मापाचा एक साधा कागदी फिल्टर जवळ ठेवा. सुती फिल्टर वाळेपर्यंत तो लावायचा. दिवस बुडत नाही.

दुसरं, फिल्टर काढणं. इंजिन बंद आणि थंड हवं, किल्ली आपल्या खिशात. बॉनेटखाली काळ्या प्लॅस्टिकचा डबा असतो, त्याला जाड नळी जोडलेली असते. डब्याच्या क्लिपा किंवा स्क्रू काढा. फिल्टर उचलण्याआधी वरची बाजू कुठली, ते बघून ठेवा. बाहेरून हवा येते ती मळकी बाजू आणि इंजिनाकडची ती स्वच्छ बाजू. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडावर लगेच धुतलेलं फडकं घाला. मग डबा ओल्या फडक्याने आतून पुसा. पावसाळ्यानंतर डब्यात पालापाचोळा सापडतो, कधीकधी उंदराचं घरटंही.

तिसरं, सुकी धूळ. फिल्टर हलकेच टिचकवा आणि मऊ ब्रश फिरवा. आपटायचा नाही. हे काम मोरीत किंवा स्वयंपाकघरात करू नका, आणि नाकाला ओढणी बांधा. इंजिनाचं नाक साफ करताना आपल्या नाकात माती जायला नको.

चौथं, क्लीनर. या फिल्टरसाठी मिळणारं क्लीनर दोन्ही बाजूंना मारा आणि सावलीत दहा मिनिटं मुरू द्या. वाळू मात्र द्यायचं नाही. पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेलने फिल्टर धुणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांचं ऐकू नका. त्याने सूत आणि रबर खराब होतं, शिवाय आगीचा धोका असतो. कपड्याची तीव्र पावडर नको, धुण्याचा सोडा नको आणि गरम पाणीही नको.

पाचवं, पाणी. थंड पाण्याची हलकी धार, आणि ती स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे. घाण ज्या वाटेने आत आली त्याच वाटेने परत गेली पाहिजे. उलट्या बाजूने पाणी मारलंत तर ती सुतात आणखी आत बसते. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पंप नको, जाळी फाटते. चोळायचा नाही, पिळायचा नाही. पाणी नितळ येईपर्यंत धुवा, हवं तर क्लीनर पुन्हा एकदा मारा. हे पाणी तेलकट आणि मळकं असतं. ते विहिरीजवळ, ओढ्यात किंवा जनावरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नका.

सहावं, वाळवणं. पाणी झटकून फिल्टर सावलीत, वाऱ्याला उभा ठेवा. पूर्ण कोरडा व्हायला काही तास लागतात, दमट हवेत रात्रभरसुद्धा. घाई म्हणून कॉम्प्रेसरची हवा मारू नका, केस वाळवायचं यंत्र लावू नका, चुलीजवळ ठेवू नका. जोराच्या हवेने सुताला भोक पडतं आणि ते डोळ्याला दिसतही नाही.

सातवं, तेल. पूर्ण वाळल्यावरच. फक्त फिल्टरचंच तेल घ्यायचं. इंजिन ऑइल, मशीनचं तेल, खोबरेल, काही चालत नाही. प्रत्येक घडीच्या माथ्यावरून एकदाच बारीक रेघ ओढत जा आणि वीस मिनिटं थांबा. तेल बहुधा रंगीत असतं, त्यामुळे ते कुठवर पसरलं ते दिसतं. फिकट ठिपके राहिले असतील तिथे थोडं लावा. जास्त घालण्याचा मोह टाळा. आजच्या अनेक गाड्यांत फिल्टरच्या पुढेच हवा मोजणारा सेन्सर असतो. त्यात तापलेली बारीक तार असते, तिच्यावर तेलाचा थर बसला तर हवेचं माप चुकतं आणि गाडी धडपडायला लागते. तेल ठिबकत असेल तर टिपून घ्या आणि आणखी वेळ थांबा. त्या सेन्सरला बोट लावायचं नाही.

आठवं, बसवणं. नळीवरचं फडकं काढायला विसरू नका! रबराची कड चारी बाजूंनी खाचेत बसली पाहिजे आणि सगळ्या क्लिपा लागल्या पाहिजेत. एका बाजूला फट राहिली तर धूळ तिथून सरळ आत जाते आणि आपला सगळा खटाटोप वाया. आणि धुताना सुताला भोक, सुटलेली घडी किंवा फाटकं रबर दिसलं, तर तो फिल्टर गेला. परत लावू नका.

कधी करायचा नाही

आता थोडं उलटं बोलते, कारण स्वच्छतेच्या बाबतीत आपल्याला लहानपणापासून अति करायला शिकवलेलं असतं. घर लख्ख, भांडी लख्ख, नाहीतर बाई आळशी. फिल्टरच्या बाबतीत हा धडा विसरा. थोडी धूळ बसलेला फिल्टर उलट जास्त चांगलं गाळतो, कारण ती धूळच जाळी होऊन पुढची धूळ अडवते. दर आठवड्याला उघडून धुतलात तर प्रत्येक वेळी धूळ आत सांडण्याचा धोका आणि सुताची झीज. महिन्यातून एकदा नुसतं उघडून बघा. कच्चा रस्ता, वीटभट्ट्या, बांधकामाचं सिमेंट अशा भागात गाडी असेल तर जरा लवकर. मळामधून तारेची जाळी सगळीकडे दिसत असेल तर बंद करून ठेवा. जाळी मळाने झाकली गेली असेल तरच धुवा.

दुसरी गोष्ट मायलेजची. "फिल्टर साफ केला की ॲव्हरेज वाढतं," असं दुकानदार छातीठोकपणे सांगतात. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली याची चाचणी केली. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत फिल्टर चोंदल्याने मायलेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही, कारण गाडीचा संगणक कमी हवेच्या मानाने पेट्रोलही कमी सोडतो. पिकअप मात्र कमी झाला. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत दोन ते सहा टक्के फरक पडू शकतो. तेव्हा इंजेक्शनच्या गाडीवर पेट्रोल वाचवायच्या आशेने हजारो रुपये घालू नका.

तिसरी गोष्ट, धुण्याचा फिल्टर घ्यायचाच का? तो महाग असतो, वर क्लीनर आणि तेलाचा खर्च. वर्षानुवर्षं तीच गाडी खूप चालवणारीला तो परवडतो आणि कागदी फिल्टरचा कचरा कमी होतो. पण बारीक धूळ अडवण्यात चांगला कागदी फिल्टर सहसा सरस असतो. रोज फुफाट्यातून जाणारीने कागदीच ठेवला तर शहाणपणाचं. गाडी वॉरंटीत असेल तर पुस्तिका वाचा आणि कंपनीला लेखी विचारा. मी इथे कुठल्याच फिल्टरची जाहिरात करायला उभी नाही. निवड तुमची, पण ती माहिती घेऊन केलेली असावी. आणि जिने विजेवरची रिक्षा घेतली आहे, तिच्या गाडीत इंजिनच नाही, त्यामुळे हा फिल्टरही नाही. कुणी त्याचे पैसे बिलात लावले तर तिथेच हरकत घ्या.

हे काम कुणाचं?

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते तो सगळ्यात महत्त्वाचा. 'घरी करता येतं' म्हटलं की ते काम कुणाच्या अंगावर पडतं, हे आपल्याला माहीत आहे. उद्या असं व्हायला नको की गाडी तो चालवतो आणि फिल्टर ती धुते, धुण्याभांड्याच्या ढिगात आणखी एक नग. जिथे पाणी टँकरने येतं, तिथे त्या बादलीभर पाण्यासाठी रांगेत कोण उभं राहणार, हाही प्रश्न विचारायला हवा. म्हणून घरची गाडी असेल तर घरातल्या सगळ्यांनी पाळी लावा. मुलाला शिकवा आणि मुलीलाही. गाडी तुमच्या कमाईची असेल तर हा वेळ कामाचा वेळ म्हणून धरा. एक वही करा. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती वेळ लागला, किती खर्च झाला. वर्षाच्या शेवटी हीच वही तुमच्या श्रमाचा पुरावा असेल, आणि गॅरेजमध्ये कुणी "फिल्टर बदलावा लागेल" म्हणालं तर तीच पुढे करता येईल.

गॅरेजमधल्या माणसाशी आपलं वैर नाही, हेही सांगते. फिल्टरला कॉम्प्रेसरने हवा मारताना उडणारी सगळी धूळ त्याच्या छातीत जाते, आणि बहुतेक ठिकाणी त्याच्या नाकाला साधं फडकंसुद्धा नसतं. पुष्कळदा हवा मारणारा शाळेच्या वयाचा पोरगा असतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला गॅरेजात कामाला ठेवणं हा कायद्याने गुन्हा आहे. आपण बॉनेटजवळ उभ्या राहिलो तर हेही आपल्याला दिसेल आणि त्यावर बोलता येईल. खुर्चीवर बसून दिसत नाही.

सगळी दुरुस्ती आपणच करायची, असा माझा आग्रह नाही. पण काय चाललंय ते आपल्याला कळलं पाहिजे, काढलेला भाग दाखवा म्हणता आलं पाहिजे, आणि "हे आज नको" म्हणण्याइतकी खात्री हवी. फिल्टर ही त्याची सगळ्यात सोपी सुरुवात आहे. अवजारं फार लागत नाहीत, हात कापत नाही, चूक सुधारता येते. पुढच्या वेळी आपण बॅटरीची टर्मिनलं आणि ऑइलची पट्टी घेऊ.

चला, आता अंगणात तीन गाड्या लावल्या आहेत. चार-चारजणींचे गट करा. ज्यांनी आजवर बॉनेट उघडलेलं नाही त्यांनी पुढे यायचं, ज्यांना येतं त्यांनी हात मागे बांधून फक्त तोंडाने सांगायचं. ओढण्या नाकाला बांधा. आधी डबा उघडा आणि मला सांगा, फिल्टर कागदी आहे की सुती, आणि तो आज धुवायला हवा की नको.